राज्यघटनेचा मसुदा, स्वाक्षऱ्या आणि कल्याणची छावणी

शाळेत उद्देशिकेचे सामूहिक वाचन झाले की एखादा चौकस विद्यार्थी शिक्षकांना हमखास विचारतो : देश स्वतंत्र झाला १५ ऑगस्टला, उद्देशिकेत तारीख आहे ती २६ नोव्हेंबरची आणि प्रजासत्ताक दिन साजरा होतो २६ जानेवारीला, हे कसे? राज्यघटनेच्या मूळ प्रतींवर घटना समितीच्या सभासदांनी स्वाक्षऱ्या केल्या त्या २४ जानेवारी १९५० रोजी, ही चौथी तारीख त्यात मिळवली म्हणजे गोंधळ आणखी वाढतो. प्रश्न साधा असला तरी त्याचे उत्तर देताना आपल्या राष्ट्राची पायाभूत सनद कशी सिद्ध झाली, याचा सारा इतिहास उलगडावा लागतो. आणि ठाणे जिल्ह्यापुरते बोलायचे तर त्या इतिहासाचा एक धागा थेट कल्याणनजीकच्या बराकींपर्यंत येऊन पोहोचतो.

इतर देशांतही असे घडले आहे. अमेरिकेतील वसाहतींच्या प्रतिनिधींनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा मान्य केला तो ४ जुलै १७७६ रोजी. परंतु त्यावरील ५६ स्वाक्षऱ्यांपैकी बहुतेक २ ऑगस्टला झाल्या. तो जाहीरनामा छोटेखानी होता. युद्ध चालू असताना लिहिलेला, राजसत्तेशी नाते तोडल्याचे जगाला सांगणारा तो दस्तऐवज होता. राज्य कसे चालवावयाचे हे ठरविणारी अमेरिकेची राज्यघटना तयार व्हावयास त्यानंतर अकरा वर्षे लागली. भारतात असा एकच जाहीरनामा नाही. जाहीरनाम्याचे काम येथे टप्प्याटप्प्याने झाले आणि त्याची अखेर राज्यघटनेत झाली.

त्यातील पहिला टप्पा १९३० चा. डिसेंबर १९२९ च्या लाहोर अधिवेशनात काँग्रेसने संपूर्ण स्वराज्याचे ध्येय स्वीकारले आणि २६ जानेवारी १९३० रोजी गावोगावी स्वातंत्र्याची प्रतिज्ञा वाचली गेली. त्यापुढे सतरा वर्षे हाच दिवस स्वातंत्र्यदिन म्हणून पाळला जात असे. स्वातंत्र्य प्रत्यक्षात १५ ऑगस्टला आले. म्हणून राज्यघटना अमलात आणण्यासाठी जानेवारीची ती जुनी तारीख मुद्दाम राखण्यात आली.

दुसरा टप्पा १३ डिसेंबर १९४६ चा. त्या दिवशी पंडित जवाहरलाल नेहरूंनी घटना समितीत ध्येयविषयक ठराव मांडला. २२ जानेवारी १९४७ रोजी तो मंजूर झाला आणि उद्देशिकेचा आशय बऱ्याच अंशी त्यातूनच आला.

तिसरा टप्पा कायद्याचा, आणि तो काहीसा चमत्कारिक आहे. १५ ऑगस्ट १९४७ रोजी आपण स्वतंत्र झालो ते ब्रिटिश पार्लमेंटने संमत केलेल्या आणि १८ जुलै १९४७ रोजी राजाची संमती मिळालेल्या भारतीय स्वातंत्र्य अधिनियमान्वये. म्हणजे स्वातंत्र्याचा कागद परक्याच्या हातचा होता. राज्यघटनेच्या शेवटच्या, ३९५ व्या अनुच्छेदाने हाच अधिनियम आणि त्याच्याबरोबर १९३५ चा भारत शासन अधिनियम रद्द केला. ज्या कायद्याने घटना समितीस सार्वभौम अधिकार दिले तोच कायदा त्या समितीने एका ओळीत निरस्त केला आणि आपल्या अधिकाराचा उगम भारताच्या लोकांत आहे असे उद्देशिकेत नोंदविले. शेवटचे पान असल्यामुळे असेल, पण या अनुच्छेदाकडे वाचकांचे लक्ष फारसे जात नाही.

मसुद्याची घडण

घटना समितीची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ रोजी भरली. तिचे सभासद प्रांतिक विधानसभांनी निवडले होते आणि त्या विधानसभा मर्यादित मताधिकारावर निवडून आलेल्या होत्या, हे येथे नमूद केले पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर प्रथम बंगालमधून निवडून आले होते. फाळणीमुळे ती जागा राहिली नाही. तेव्हा बॅ. मु. रा. जयकरांच्या राजीनाम्याने रिकाम्या झालेल्या मुंबईच्या जागेवर त्यांना निवडून आणावे, असे घटना समितीचे अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी मुंबईचे पंतप्रधान बाळासाहेब खेर यांना पत्राने कळविले आणि जुलै १९४७ मध्ये मुंबई विधानसभेने त्यांची निवड केली. २९ ऑगस्ट १९४७ रोजी सात जणांची मसुदा समिती नेमण्यात आली व दुसऱ्याच दिवशी डॉ. आंबेडकर तिचे अध्यक्ष झाले.

घटनात्मक सल्लागार बेनेगल नरसिंग राव यांनी तयार केलेल्या पहिल्या आराखड्यात २४३ अनुच्छेद होते. मसुदा समितीने फेब्रुवारी १९४८ मध्ये सादर केलेल्या मसुद्यात ते ३१५ झाले आणि अखेर ३९५ वर जाऊन थांबले. सुमारे ७,६३५ दुरुस्त्यांच्या सूचना आल्या. त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. दोन वर्षे, अकरा महिने आणि सतरा दिवस हा हिशेब सर्वांना पाठ असतो. पण एवढा वेळ कशात गेला, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

तो वेळ शब्दांच्या सौंदर्यात गेला नाही. मसुदा छापून प्रसिद्ध झाल्यानंतर सभागृहात त्याचे रूप पुष्कळ पालटले. पंचायतींचा उल्लेख मूळ मसुद्यात नव्हताच. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी खेडेगावातील संकुचितपणावर केलेली टीका प्रसिद्ध आहे. परंतु त्याच महिन्याच्या २२ तारखेस के. संथानम यांची ग्रामपंचायतींविषयीची दुरुस्ती त्यांनी स्वीकारली आणि आजचा ४० वा अनुच्छेद सिद्ध झाला.

ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागाशी थेट संबंध असलेला एक अनुच्छेद ३ डिसेंबर १९४८ रोजी चर्चेस आला. त्यावेळी डहाणू आणि उंबरगाव हे तालुके याच जिल्ह्यात होते. तेथील वारली जमीनदारांकडे वेठ करीत. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको दोघांनीही सावकाराच्या घरी राबावयाचे, अशा माणसाला लग्नगडी म्हणत. १९४५ मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने या प्रथेविरुद्ध लढा उभारला होता. पोलीस गोळीबारात माणसे मेली होती. त्यानंतर तीन वर्षांनी दिल्लीत माणसांचा व्यापार आणि बेगार यांना मनाई करणारा अनुच्छेद संमत झाला. तोच आजचा २३ वा अनुच्छेद होय. इंग्रजी मसुद्यातही ‘बेगार’ हा देशी शब्द तसाच ठेवला होता, कारण त्या अर्थाचा नेमका इंग्रजी शब्द नव्हता. वेठबिगारीच्या निर्मूलनाचा स्वतंत्र केंद्रीय कायदा मात्र १९७६ साली झाला. सनदेतील अक्षर शिवारापर्यंत पोहोचावयास सव्वीस वर्षे लागली.

बराकींतील माणसे

आता कल्याणकडे वळू. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणच्या पूर्वेस लष्कराची मोठी छावणी उभारण्यात आली होती. युद्ध संपले, सैन्य गेले, बराकी ओस पडल्या. फाळणीनंतर, विशेषतः जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल उसळल्यानंतर, सिंधमधील हिंदू कुटुंबे आगबोटींनी मुंबई बंदरात उतरू लागली आणि त्यांतील हजारोंची रवानगी या छावणीत झाली. एकेका लांब बराकीत गोणपाटाचे आडोसे करून अनेक कुटुंबे राहिली. छावणीचे पाच भाग होते आणि तेथील पत्ते आजही कॅम्प नंबर एक, कॅम्प नंबर तीन असेच सांगितले जातात. १९५१ च्या जनगणनेत या वसाहतीची लोकसंख्या ८० हजारांवर भरली.

यात एक विलक्षण गोष्ट होती. १ एप्रिल १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराचीचा व्यापारी आणि कल्याणचा व्यापारी हे एकाच सरकारची प्रजा होते. त्या दोन गावांच्या मधून आता एक आंतरराष्ट्रीय सीमा गेली होती. बराकीत राहणाऱ्या माणसाने आपले घर सोडले होते. परंतु तो कोणत्या देशाचा नागरिक, हे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नव्हते. नोकरी, मतदान, मालमत्तेची भरपाई हे सारे या एका प्रश्नाशी येऊन थांबत होते.

नागरिकत्वाचा सर्वसाधारण नियम आजच्या ५ व्या अनुच्छेदात आहे. ज्याचा भारताच्या राज्यक्षेत्रात अधिवास आहे आणि जो येथे जन्मला, किंवा ज्याच्या आईवडिलांपैकी एक येथे जन्मला, किंवा जो लगतपूर्वी किमान पाच वर्षे येथे राहत आला, तो नागरिक. ठाण्याच्या किंवा डोंबिवलीच्या रहिवाशाला हा नियम पुरेसा होता. आता तोच नियम सक्कर येथून आलेल्या माणसाला लावून पाहावा. त्याचा जन्म सिंधमधला, आईवडिलांचा जन्मही तेथलाच आणि येथे येऊन झाले होते वर्ष-दीड वर्ष. तिन्ही दारे बंद. केवळ ५ वा अनुच्छेद लिहून घटनाकार थांबले असते, तर कल्याणच्या बराकीतील बहुतेक माणसे आपल्याच देशात परकी ठरली असती.

फेब्रुवारी १९४८ च्या मसुद्यात यावर एक उपाय सुचविला होता. ज्याचे आईवडील किंवा आजीआजोबा फाळणीपूर्व भारतात जन्मले, त्याने भारतात अधिवास करण्याची इच्छा जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या कचेरीत लेखी नोंदवावी आणि त्यापूर्वी किमान एक महिना येथे राहिलेले असावे, अशी ती योजना होती. कागदावर ती सोपी दिसते. परंतु हजारो कुटुंबांनी, त्यांतही अक्षरओळख नसलेल्यांनी आणि वृद्धांनी, छावणीतून ठाण्याच्या कचेरीपर्यंत जाऊन लेखी निवेदन द्यावे आणि ज्याने दिले नाही त्याने नागरिकत्वास मुकावे, असा त्याचा व्यवहारातील अर्थ झाला असता. ज्यांनी कचेरीच्या कामाचा अनुभव घेतला आहे त्यांना हे अधिक फोड करून सांगण्याची गरज नाही.

पुढील दीड वर्षात हा मसुदा पुन्हा पुन्हा लिहिला गेला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कल्याणच्या छावणीजागी नव्या नगराची कोनशिला बसविण्यात आली आणि उल्हास नदीवरून त्याचे नाव उल्हासनगर ठेवण्यात आले. त्यानंतर अवघ्या दोन दिवसांनी, १० ऑगस्टला, डॉ. आंबेडकरांनी नागरिकत्वाचे सुधारलेले अनुच्छेद घटना समितीपुढे मांडले. एखादा अपवाद सोडल्यास दुसऱ्या कोणत्याही अनुच्छेदाने मसुदा समितीला इतकी डोकेदुखी झाली नव्हती, असे त्यांनी तेव्हा सांगितले. तीन दिवस चर्चा चालली. अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख यांचा आक्षेप असा की, या तरतुदींनी भारताचे नागरिकत्व फार स्वस्त होईल. पाकिस्तानात जाऊन पुनर्वसनाच्या परवान्यावर परत आलेल्यांना सामावून घेणाऱ्या तरतुदीवर जसपतराय कपूर आदी सभासदांनी कडाडून टीका केली. पंडित नेहरूंनी तिचे समर्थन केले. १२ ऑगस्टला हे अनुच्छेद मंजूर झाले.

आजचा ६ वा अनुच्छेद तो हाच. त्याची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. पाकिस्तानातून आलेल्या माणसाचा स्वतःचा, आईवडिलांपैकी एकाचा किंवा आजीआजोबांपैकी एकाचा जन्म १९३५ च्या अधिनियमातील मूळ व्याख्येनुसारच्या भारतात झालेला असला पाहिजे. त्या व्याख्येत कराची, शिकारपूर, हैदराबाद सिंध सारे काही येत होते. म्हणजे राजकीय नकाशा बदलला तरी नागरिकत्वाच्या कामापुरता जुना नकाशा गृहीत धरला गेला. यापुढे दोन वर्ग केले. जो १९ जुलै १९४८ पूर्वी आला आणि तेव्हापासून येथेच राहत आहे, त्याला काहीही करावयाचे नाही. तो नागरिकच आहे. अर्ज नाही, निवेदन नाही, कचेरी नाही. जो त्या तारखेला किंवा नंतर आला त्याने मात्र शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ज करून नोंदणी करून घ्यावयाची आणि अर्जापूर्वी लागोपाठ सहा महिने भारतात राहिलेले असावयाचे.

१९ जुलै हीच तारीख का? पश्चिम पाकिस्तानातून भारतात येणाऱ्यांस परवाना सक्तीचा झाला तो त्या दिवसापासून. त्यापूर्वी आलेल्यांकडे दाखविण्यास कोणताही शासकीय कागद असण्याचे कारण नव्हते; म्हणून त्यांच्याकडे तो मागितला नाही. कागद अस्तित्वात आल्यानंतर आलेल्यांकडूनच कागदाची अपेक्षा केली गेली. कराचीहून आगबोटीने आलेली बहुसंख्य कुटुंबे १९४८ च्या पूर्वार्धातच आलेली असल्याने छावणीतील बहुतेकांना या पहिल्या वर्गाचा लाभ झाला.

स्वाक्षऱ्यांपूर्वीच अंमल

२६ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीने राज्यघटना अंगीकृत केली आणि अध्यक्षांनी स्वाक्षरी करून ती प्रमाणित केली. कायद्याच्या दृष्टीने सनद पूर्ण झाली ती त्या दिवशी. बहुतेक अनुच्छेद २६ जानेवारीपासून अमलात यावयाचे होते. परंतु सोळा अनुच्छेद त्याच क्षणी अमलात आले. ३९४ व्या अनुच्छेदात त्यांची यादी आहे. तिच्या आरंभीच ५ ते ९ हे नागरिकत्वाचे पाच अनुच्छेद आहेत आणि निवडणूक आयोगाचा ३२४ वा अनुच्छेदही आहे. मूलभूत हक्क दोन महिने थांबू शकत होते; नागरिक कोण, हा प्रश्न मात्र थांबणारा नव्हता. उशिरा आलेल्यांना आपले अर्ज राज्यघटनेच्या प्रारंभापूर्वी, म्हणजे २६ जानेवारीच्या आत, द्यावयाचे होते. हे अनुच्छेदही २६ जानेवारीलाच अमलात आले असते, तर अर्जाची मुदत आणि अर्जाचा आधार एकाच दिवशी सरला व सुरू झाला असता. तात्काळ अंमलामुळे राज्यघटनेच्या आधारे अर्ज करण्यास ६१ दिवस मिळाले.

मतदार याद्यांचे काम तर त्याहीपूर्वी चालू झाले होते. घटना समितीच्या सचिवालयाने १९४८ पासूनच प्रौढ मताधिकारावर आधारलेल्या याद्या करावयास प्रांतांना सांगितले होते. नियमाप्रमाणे मतदाराचे त्या ठिकाणी १८० दिवसांचे वास्तव्य लागे. निर्वासितांच्या बाबतीत येथे कायम राहण्याचा आपला इरादा असल्याचे त्यांचे निवेदन पुरेसे मानावे, अशी सवलत देण्यात आली. यादी करणाऱ्या गावकामगाराच्या आणि कारकुनाच्या वहीत, राज्यघटना लिहून होण्यापूर्वीच, बराकीतील माणूस मतदार म्हणून दाखल होऊ शकत होता.

यानंतरचा समारंभ २४ जानेवारी १९५० चा. घटना समितीचे हे अखेरचे अधिवेशन होते. त्याच दिवशी डॉ. राजेंद्रप्रसाद यांची राष्ट्रपती म्हणून बिनविरोध निवड झाली आणि ‘जन गण मन’ हे राष्ट्रगीत असेल व ‘वंदे मातरम्’ला समान सन्मान राहील, असे निवेदन त्यांनी केले. मग तीन प्रती टेबलावर मांडण्यात आल्या. इंग्रजी हस्तलिखित प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांच्या अक्षरातली असून तिची पाने नंदलाल बोस आणि शांतिनिकेतनातील त्यांच्या सहकाऱ्यांनी सजविलेली होती. दुसरी प्रत इंग्रजी व छापील, तर तिसरी हिंदी हस्तलिखित होती. सभासदांनी बसल्या क्रमाने येऊन स्वाक्षऱ्या कराव्यात असे ठरले. पंतप्रधानांना अन्य कामासाठी जावयाचे असल्याने अध्यक्षांनी त्यांना प्रथम बोलाविले. २८४ सभासदांच्या स्वाक्षऱ्या त्या प्रतींवर आहेत. काहींनी देवनागरीत, काहींनी इंग्रजीत, तर काहींनी आपापल्या प्रादेशिक लिपीत नावे लिहिली. या स्वाक्षऱ्यांवाचून राज्यघटना अपुरी राहिली असती असे नाही, ती दोन महिन्यांपूर्वीच मंजूर झाली होती. तरीही विद्यार्थ्यांना त्या पानाचे छायाचित्र अवश्य दाखवावे.

दोन दिवसांनी राज्यघटना संपूर्णपणे अमलात आली आणि त्याबरोबर ६ व्या अनुच्छेदाखालील अर्जांची मुदत संपली. सहा महिन्यांच्या वास्तव्याची अट पाहता, जुलै १९४९ च्या अखेरीनंतर सीमा ओलांडून आलेल्याला या दाराने आत येता येत नव्हते. ११ व्या अनुच्छेदाने नागरिकत्वाविषयी पुढील कायदा करण्याचा अधिकार संसदेला दिला होता. तो कायदा, म्हणजे नागरिकत्व अधिनियम, ३० डिसेंबर १९५५ रोजी आला. मधली जवळजवळ सहा वर्षे अशा माणसाच्या नागरिकत्वाला कायद्याचा स्पष्ट आधार नव्हता. शेजारच्या बराकीतला त्याचा भाऊ, जो १९४८ च्या मे महिन्यात आला होता, १९५२ च्या जानेवारीत मतदान करून आला. दोघांच्या आगमनात अंतर होते वर्षभराचे. ६ वा अनुच्छेद राज्यघटनेत अजून जसाच्या तसा आहे, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आसामातील स्थलांतरितांच्या नागरिकत्वाविषयी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाला १९ जुलै १९४८ या तारखेकडे पुन्हा वळावे लागले.